जपानी आर्टबुकं जमवायची कशी, त्यांच्यावर लिहायचं काय आणि स्कॅन कधी करायचं

आर्टबुक म्हटलं की डोळ्यापुढे रंगीत चकचकीत पानं येतात, लोक ऑर्डर टाकतात, महिनाभर वाट बघतात आणि पार्सल फोडलं की आत नुसत्या पेन्सिलच्या रेघा आणि हाताने खरडलेलं जपानी. पुस्तक वाईट नसतं हो, प्रकार वेगळा असतो. म्हणून पैसे टाकायच्या आधी प्रकार समजून घ्या.

१. कुठलं पुस्तक कशासाठी

गाशू म्हणजे तयार, रंगवलेल्या चित्रांचं पुस्तक, एका चित्रकाराचं किंवा एका सिरीजचं. लाइट नॉव्हेलची (मधे मधे चित्रं असलेल्या छोट्या कादंबऱ्यांची) कव्हरं, गेमची पोस्टरं, मासिकातले पिनअप, डीव्हीडीच्या डब्यावरची चित्रं, सगळं एकत्र. आपल्या मनातलं आर्टबुक बहुतेक हेच असतं.

सेत्तेइ शिर्योशू वेगळं. यात ॲनिमेटर लोकांच्या कामाची कॅरॅक्टर शीट्स असतात, तोच माणूस समोरून, बाजूने, मागून, चिडलेला, हसलेला, त्याच्या बुटाचा तळ, पिशवीचं बक्कल, राहत्या खोलीचा नकाशा. तुम्ही स्वतः चित्रं काढायला शिकत असाल तर माझ्या मते गाशूपेक्षा हे दहापट कामाचं. गेंगाशूमध्ये ॲनिमेशनची मूळ की-ड्रॉइंग्ज असतात, लाल-निळ्या पेन्सिलीने सावलीच्या हद्दी आखलेल्या आणि कडेला टायमिंगचे आकडे, वर ज्यांची हिरमोड झाल्याची गोष्ट सांगितली ते लोक बहुतेक हेच मागवून बसलेले असतात. ए-कोन्ते म्हणजे स्टोरीबोर्ड, विटेएवढं जाड. आणि मग फॅनबुक, व्हिज्युअल बुक वगैरे नावाने जे विकलं जातं त्यात अर्धी पानं सिनेमातल्या फ्रेम आणि उरलेल्यात मुलाखती, जपानी वाचता येत नसेल तर पहिल्या खरेदीत हे घेऊ नका.

याशिवाय दोजिनशी, म्हणजे चित्रकाराने स्वतःच्या खर्चाने छापलेली छोटी पुस्तकं, सोळा-वीस-बत्तीस पानांची. कॉमिकेट हा त्यांचा सगळ्यात मोठा बाजार, १९७५ च्या डिसेंबरात सुरू झालेला, आता दरवर्षी ऑगस्ट आणि डिसेंबरात टोकियो बिग साइट या प्रदर्शन केंद्रात भरतो. कॉमितिया म्हणून दुसरा आहे तिथे फक्त स्वतंत्र कलाकृती चालतात, कुठल्या सिरीजची पात्रं नाहीत. दोजिनशीची छपाई कधीकधी मोठ्या प्रकाशकांच्या तोंडात मारेल अशी असते कारण चित्रकार कागद, शाई, फॉइल सगळं स्वतः निवडतो, पण प्रती थोड्या, संपल्या की संपल्या. एक लक्षात ठेवा, दोजिनशीत प्रौढांसाठीची पुस्तकं भरपूर असतात आणि कव्हर बघून दर वेळी कळत नाही. कव्हरवर किंवा विक्रेत्याच्या पानावर १८ चा आकडा दिसला तर नीट चौकशी करा, भारतात कस्टम्सला असलं पार्सल अडकलं तर ते तुमच्या हातात येत नाही आणि वर उत्तरं देत बसावं लागतं.

अगदीच पहिलं पुस्तक घ्यायचं असेल तर दोन सोपे रस्ते. एक म्हणजे घिब्लीच्या सिनेमांची 'दि आर्ट ऑफ' मालिका, तिच्या इंग्रजी आवृत्त्या विझ मीडिया काढतं आणि त्या भारतातल्या ऑनलाइन पुस्तकवाल्यांकडे मिळतात. दुसरा, शोएइशा प्रकाशनाचं 'इलस्ट्रेशन' हे दरवर्षी निघणारं पुस्तक, त्यात दीडशे चित्रकारांची थोडी थोडी चित्रं असतात, त्यातून तुम्हाला कोण आवडतं ते कळतं आणि मग त्या एकाच माणसाचं गाशू शोधायचं. हे न करता सेलमध्ये दिसलं ते उचलत गेलात तर कपाट भरतं आणि आवड काय ते तेव्हाही कळलेलं नसतं.

२. विकत घेणं

जपानात नव्या पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि दुकानदाराला ती पाळावी लागते, १९५३ पासून तशी कायद्यात सवलत आहे. याचा अर्थ आपल्याकडच्यासारखी 'सेल लागेल मग घेऊ' ही युक्ती नव्या आर्टबुकवर चालत नाही. उलट थांबलात तर पहिली आवृत्ती संपते, परत छापतील याची खात्री नाही, आणि जुन्या बाजारात तेच पुस्तक दुप्पट-तिप्पट भावाने दिसायला लागतं. तेव्हा आवडत्या चित्रकाराचं नवं पुस्तक जाहीर झालं की आगाऊ बुकिंग करून मोकळे व्हा. जुन्या पुस्तकांचं बरोबर उलटं आहे, तिथे धीर धरा, एकच पुस्तक एका दुकानात आठ हजार येनला आणि दुसरीकडे दीड हजाराला दिसतं.

नव्यासाठी सीडीजपान, अमिअमी, ॲमेझॉन जपान. जुन्यासाठी मांदाराके (नाकानो ब्रॉडवे या इमारतीतलं १९८० पासूनचं प्रसिद्ध दुकान), सुरुगाया, बुक ऑफ, याहू ऑक्शन, मेर्कारी. यातले काही जण थेट बाहेरदेशी पाठवतात, काही फक्त जपानातल्या पत्त्यावर. तिथे मग बायी किंवा झेनमार्केटसारखी प्रॉक्सी कंपनी लागते, ती तुमच्या वतीने खरेदी करते, आपल्या गोदामात ठेवते आणि चार पार्सलांचं एक करून पाठवते. चित्रकारांकडून थेट घ्यायचं असेल तर पिक्सिव या चित्रकारांच्या वेबसाइटचं बूथ हे ऑनलाइन दुकान आहे. टोकियोला जाणार असाल तर जिनबोचोची जुन्या पुस्तकांची गल्ली आणि नाकानो, एवढ्यात बॅगेचं वजन संपेल. आणि आखातात किंवा सिंगापूरला राहणाऱ्या मराठी मंडळींना तर किनोकुनिया आहेच, दुबई मॉलमधलं किंवा सिंगापूरचं, तिथे जाऊन पुस्तक हातात घेऊन बघता येतं हे सुख भारतात अजून नाही. घरचं कोणी तिकडून येत असेल तर यादी पाठवा, फक्त वजन सांगून पाठवा.

वजनाचा हिशोब शिकून घ्या कारण खर्च तिथेच होतो. ए-४ आकाराचं १६० पानांचं पुस्तक म्हणजे ८० कागद. आर्ट पेपर साधारण १५७ जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला १५७ ग्रॅम) धरला तर नुसती पानं पावणेआठशे-आठशे ग्रॅम, वर कव्हर आणि जॅकेट, म्हणजे पॅकिंग धरून एक किलो. तीन हजार येनचं पुस्तक, येनचा भाव साधारण ५५-६० पैसे धरला तर सतराशे-अठराशे रुपये, आणि पोस्टेज जवळजवळ तेवढंच किंवा जास्त. त्यात प्रॉक्सीची फी, जपानातल्या जपानात पाठवण्याचा खर्च, कार्डाचा दोन-साडेतीन टक्के फॉरेक्स मार्कअप. म्हणून एकेक पुस्तक मागवू नका, तीन-चार जमली की एकदम मागवा. कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, खोक्याची लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये करून ५००० ने भागतात आणि जे जास्त येईल ते लावतात, पण पुस्तकं मुळात जड असल्यामुळे बहुतेक वेळा खरं वजनच लागू होतं. घाई नसेल आणि त्या वेळी सेवा चालू असेल तर समुद्रमार्गे पोस्ट स्वस्त पडतं, दोन-तीन महिने विसरून जायचं.

कस्टम्सचं थोडक्यात: छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, पण २०१९ च्या बजेटपासून आयात पुस्तकांवर ५ टक्के ड्युटी आली. नियम बदलत असतात तर मागवताना ताजं बघून घ्या. महत्त्वाचं म्हणजे पुस्तकांच्या खोक्यात फिगर, ॲक्रिलिक स्टँड, पोस्टर वगैरे घुसवू नका, त्यांचा दर वेगळा आणि मग सगळं खोकं उघडून भाव ठरवत बसतात. पाठवणाऱ्याला किंमत कमी लिहायला सांगणं हा मूर्खपणा आहे, पार्सल हरवलं तर भरपाई त्याच आकड्यावर मिळते. कुरिअरने मागवलं तर केवायसीचे कागद मागतात, ते आधीच तयार ठेवा.

जुनी पुस्तकं घेताना विक्रेते जे शब्द वापरतात ते चार-पाचच आहेत, पाठ करून टाका. याके म्हणजे उन्हाने किंवा वयाने पिवळं पडलेलं, शिमी म्हणजे डाग, ओरे म्हणजे दुमड, ओबी म्हणजे कव्हरला खालून गुंडाळलेली कागदी पट्टी, आणि नान-आरी लिहिलं असेल तर काहीतरी ठळक खोट आहे, ती काय ते विचारल्याशिवाय घेऊ नका. याके फक्त कडांना असेल तर बिनधास्त घ्या, चित्राला काही होत नाही आणि भाव निम्म्यावर येतो. ओबीसाठी जास्त पैसे द्यायचे का हा ज्याचा त्याचा प्रश्न, मी देत नाही. पण पुस्तकासोबत आली तर फेकू नका, पुढे विकताना तीच पट्टी भाव मिळवून देते.

३. खरं का खोटं

भारतातल्या मोठ्या शॉपिंग साइटवर 'ॲनिमे आर्टबुक' म्हणून आठशे-हजार रुपयांत जे दिसतं त्यात बरंच कोणीतरी स्कॅन उतरवून इथेच छापलेलं असतं. ओळखायचं कसं? मागच्या कव्हरवर किंवा जॅकेटवर बघा, जपानी पुस्तकाला एकाखाली एक असे दोन बारकोड असतात. वरचा आयएसबीएन, तो ९७८-४ ने सुरू होतो. खालचा १९२ ने सुरू होतो, त्यात पुढचे चार आकडे पुस्तकाच्या वर्गाचे आणि त्यापुढचे पाच आकडे करापूर्वीच्या किमतीचे. म्हणजे ०२८०० असेल तर २,८०० येन, आणि वर छापलेल्या किमतीशी ते जुळलं पाहिजे. दोजिनशीला हे काही नसतं, तिथे शेवटच्या पानावर छापखान्याचं नाव आणि तारीख बघायची.

दुसरी परीक्षा जास्त पक्की. घड्याळजी किंवा सोनार डोळ्याला लावतात तसलं दहापट भिंग घ्या, दोन-तीनशे रुपयांत मिळतं, आणि पानावरची बारीक काळी अक्षरं बघा. अस्सल छपाईत काळं अक्षर एकाच काळ्या शाईचं असतं, कडा धारदार, आत सलग काळं. स्कॅनवरून छापलेल्या पुस्तकात तेच अक्षर निळ्या, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांचं बनलेलं दिसतं आणि कड विस्कटलेली असते, कारण स्कॅनरला अक्षर आणि चित्र यातला फरक कळत नाही, त्याच्यासाठी सगळं चित्रच. मग सपाट रंगाचा भाग बघा, आकाश किंवा गालाचा रंग. तिथे ठिपक्यांची नेहमीची छोटी फुलं सोडून त्यावर मोठे चौकोनी किंवा लाटांसारखे पट्टे दिसले तर ठिपक्यांवर ठिपके छापलेत, नक्कल आहे. एकदा डोळ्याला सवय झाली की पुढे भिंग न लावताही कळतं.

शेवटच्या पानावरचं ओकुझुके हे खरं ओळखपत्र. तिथे प्रकाशनाची तारीख आणि कितवी छपाई ते असतं. फोनचा कॅमेरा ट्रान्सलेट वर टाकला की पुरेसं वाचता येतं. साल जपानी पद्धतीने, म्हणजे सम्राटाच्या काळाप्रमाणे असेल तर शोवाला १९२५, हेइसेइला १९८८ आणि रेइवाला २०१८ मिळवा, म्हणजे हेइसेइ १० म्हणजे १९९८.

४. घरी आल्यावर

आपला पावसाळा हा आर्टबुकचा खरा शत्रू. मुंबई, कोकण, गोवा इथे जून ते सप्टेंबर कपाट बंद ठेवलं की बुरशी आलीच. चकचकीत कागदावर मातीचा थर असतो, तो ओला होऊन तसाच वाळला की पानं एकमेकांना अशी चिकटतात की सोडवताना चित्राचा पापुद्रा निघून येतो. पुस्तक भिजलंच तर मिटून वाळवू नका, पानापानात साधा कागद घालून पंख्याखाली उघडं ठेवा, आणि लगेच वेळ नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून सरळ फ्रीझरमध्ये टाका, गोठलेलं असताना नुकसान पुढे जात नाही.

एरवी कपाट भिंतीपासून चार बोटं लांब, खालच्या खणात काही नाही, सिलिका जेलच्या पुड्या आणि त्या दर पावसाळ्यात बदलायच्या. डांबरगोळ्या पुस्तकांना टेकवून ठेवू नका. कसर लागली असेल तर ते पुस्तक आधी वेगळं काढा, मग बाकीची तपासा. कव्हर घालायचं तर पॉलिप्रोपिलीनचं, शाळेच्या वह्यांचं जाड पीव्हीसीचं नको, ते काही वर्षांत शाई ओढतं. आणि आकार मोजून घ्या, जपानी बी-५ १८२ बाय २५७ मिलिमीटर असतो, आपल्याकडे बी-५ म्हणून जे मिळतं ते १७६ बाय २५० असू शकतं, कव्हर बसतच नाही.

५. रिव्ह्यू लिहिताना

पहिल्यांदा नुसतं बघा, सलग, कुठेही न थांबता. दुसऱ्यांदा कागद-पेन्सिल घेऊन. बहुतेक रिव्ह्यू 'चित्रं खूप सुंदर आहेत, नक्की घ्या' इथे संपतात आणि वाचणाऱ्याला काहीच कळत नाही, चित्रं सुंदर आहेत हे त्याला कव्हर बघूनच माहितीये. त्याला जे दुकानाच्या पानावर मिळत नाही ते सांगा.

एका पानावर एक चित्र आहे का तिकिटाएवढी सहा. पूर्ण पानाची किती, ते मोजून लिहा. दोन पानांवर पसरलेली चित्रं किती आणि मधल्या घडीत काय गेलं, चेहरा गेला का नुसतं आभाळ. काही चांगले प्रकाशक घडीजवळची तीन-चार मिलिमीटरची पट्टी दोन्ही पानांवर परत छापतात म्हणजे उघडल्यावर चित्र जुळतं, असं असेल तर आवर्जून कौतुक करा. चित्रावर अक्षरं, लोगो छापलेत का. मागे यादी आहे का, कुठलं चित्र कोणत्या साली कशासाठी काढलं. चित्रकाराच्या टिपा आहेत का आणि त्या जपानीतच आहेत का. याच माणसाच्या आधीच्या पुस्तकातली किती चित्रं यात परत आली, हे तर सगळ्यात महत्त्वाचं, कारण पैसे वाचतात ते इथे, आणि ज्याच्याकडे दोन्ही पुस्तकं आहेत तोच हे सांगू शकतो.

रंगाबद्दल लिहिताना स्क्रीनवरच्या चित्राशी सरळ तुलना करून 'छपाई फिकी' असा शेरा मारू नका. डिजिटल चित्रातला झगझगीत गुलाबी, निऑन हिरवा, विजेसारखा निळा हे रंग चार शायांच्या साध्या छपाईत येतच नाहीत. काही पुस्तकांत म्हणून पाचवी फ्लुरोसंट गुलाबी शाई घालतात, मग त्वचेचे रंग एकदम जिवंत दिसतात. ते ओळखायला पुस्तक खिडकीशी दिवसाच्या उजेडात बघा, ट्यूबखाली नाही.

फोटो चार-पाच पुरे, टेबलावर पुस्तक उघडं ठेवून जरा तिरके काढलेले, हात किंवा पेन्सिल शेजारी म्हणजे आकार कळतो. पूर्ण पानं सपाट आणि मोठ्या रिझोल्यूशनला रिव्ह्यूत टाकायची गरज नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये समीक्षेसाठी आणि खाजगी वापरासाठी योग्य तेवढा वापर चालतो, अख्खं पुस्तक टाकणं त्यात कुठूनही बसत नाही. जपानातही स्वतःच्या पुस्तकाचं स्वतःसाठी स्कॅन चालतं, त्याला तिकडे जिसुइ म्हणतात, पण पैसे घेऊन दुसऱ्यांची पुस्तकं स्कॅन करून देणाऱ्या कंपन्यांना २०१४ मध्ये तिथल्या बौद्धिक संपदा हायकोर्टाने बेकायदा ठरवलं, आणि जानेवारी २०२१ पासून चोरून चढवलेली मांगा, चित्रं जाणूनबुजून उतरवून घेणंही तिथे बेकायदा आहे. जपानात चित्रकार जाऊन ७० वर्षं होईपर्यंत हक्क राहतो, तेव्हा 'जुनं आहे, चालतं' हे डोक्यातून काढा.

६. स्कॅन

आधी बूथवर किंवा प्रकाशकाकडे डिजिटल आवृत्ती विकत मिळते का ते बघा. मिळत असेल तर पाचशे-हजार येनमध्ये मूळ फाइलवरून निघालेली प्रत येते आणि तुमचे दोन रविवार वाचतात. नसेल तर मग बसा.

स्कॅनर. घरात प्रिंटरच्या वर जो असतो तो, आणि कॅननचे लाइड किंवा एप्सनचा व्ही-३९ असले पातळ स्कॅनर हे सीआयएस जातीचे. काचेला चिकटलेलं तेवढं स्वच्छ दिसतं, दोन-तीन मिलिमीटर वर उचललं गेलं की धुरकट. म्हणजे सुट्या कागदाला, पोस्टरला उत्तम, पण जाड पुस्तकात घडीजवळचा पट्टा काळपट आणि अस्पष्ट येणार. सीसीडी जातीचे, उदाहरणार्थ एप्सनचा व्ही-६००, जाड आणि अवजड असतात पण घडीपर्यंत बरंच नीट पकडतात. प्लसटेकचे ऑप्टिकबुक खास पुस्तकांसाठी आहेत, काच थेट कडेपर्यंत येते, त्यामुळे पुस्तक टेबलाच्या कडेवर ठेवल्यासारखं एकेक पान सपाट टेकवता येतं. वरून कॅमेऱ्याने काढणारे स्टँड स्कॅनर मजकुरासाठी ठीक, चकचकीत आर्ट पेपरवर दिव्याची चमक येते. सुरुवातीला नवा महागडा घेऊ नका, जुना सीसीडी सापडला तर तो घ्या, फक्त त्याचा ड्रायव्हर तुमच्या कॉम्प्युटरवर चालतो का ते आधी बघा, नाहीतर व्ह्यूस्कॅन हे जुने स्कॅनर चालवणारं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागेल.

पुस्तक फाडायचं का? सेंटर पिनचं दोजिनशी असेल तर पिना अलगद उघडून कागद सुटे करा, स्कॅन झाल्यावर त्याच भोकांतून पिना परत घाला, कोणाला कळणारही नाही. परफेक्ट बाइंडिंग म्हणजे पाठीला डिंक लावलेलं. साध्या हॉटमेल्ट डिंकाला गरम इस्त्री पाठीवरून फिरवली की तो मऊ होतो आणि पानं एकेक सुटतात. पण हल्ली पीयूआर डिंक वापरतात, तो एकदा बसला की उष्णतेने वितळत नाही, इस्त्री फिरवत बसलात तर कव्हर करपेल. तिथे छापखान्यातलं कटिंग मशीनच, पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास बाइंडिंगवाले करून देतात, मात्र दोन-चार मिलिमीटर चित्र कायमचं जातं. माझं मत सरळ आहे, ज्या पुस्तकाची दुसरी प्रत नाही ते कापायचं नाही, घडीतला सेंटिमीटर गेला तर गेला.

आता प्रत्यक्ष. काच मायक्रोफायबरने पुसा, लिक्विड कापडावर, काचेवर कधी नाही, आत झिरपतं. हात कोरडे. पानाच्या मागे काळा जाड कागद ठेवा, हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी, नाहीतर मागच्या पानावरचं चित्र पुढे भुतासारखं दिसतं आणि ते नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने जात नाही. झाकण काढून ठेवा आणि वरून हाताने सारखा दाब द्या, पण दाबून पाठ मोडू नका.

सॉफ्टवेअरमध्ये ऑटो जे जे आहे ते बंद. ऑटो एक्सपोजर, ऑटो कलर, शार्पन, सगळं. ऑटो ठेवलं तर रात्रीचं चित्र आणि दुपारचं चित्र दोन्ही एकाच उजेडाची करून टाकतो. २४ बिट रंग आणि ६०० डीपीआय, म्हणजे इंचाला ६०० बिंदू. ३०० ला का नाही, तर ऑफसेट छपाईत इंचाला साधारण १७५ ओळी ठिपके असतात आणि ३०० डीपीआयला स्कॅनरची जाळी त्या जाळीशी अडखळते, गालावर, आभाळात लाटा उमटतात, त्यालाच मोइरे म्हणतात. ६०० ला ठिपके वेगवेगळे पकडले जातात, मग नंतर हलका ब्लर देऊन किंवा डीस्क्रीन फिल्टर लावून निम्म्या आकाराला आणलं की ठिपके विरघळून सपाट रंग तयार होतो. स्कॅनरमधलं डीस्क्रीनचं बटण वापरू नका, बारीक रेघाही खातं, आणि एकदा खाल्ल्या की मूळ फाइलच बिघडली.

ए-४ पान ६०० ला म्हणजे ४९६० बाय ७०१६ पिक्सेल, टिफमध्ये शंभर एमबीच्या वर. १६० पानांचं पुस्तक सोळा-सतरा जीबी. पीएनजी केलं तर कमी होतं आणि काही जात नाही. बघण्यासाठीची जेपीजी वेगळी बनवा, ३०० डीपीआयला, मूळ टिफ किंवा पीएनजीला हात लावायचा नाही.

साफसफाईत हात आखडता ठेवा. पान सरळ करा, लेव्हल्समध्ये कागदाचा पांढरा आणि शाईचा काळा जरा ओढा, पण कागद पूर्ण पांढराफट्ट करू नका, फिकट वॉटरकलरच्या कडा पहिल्या तिथेच मरतात. २०१५ नंतर वायफू-टू-एक्ससारखी चित्र मोठं आणि गुळगुळीत करणारी टूल्स आली आणि लोक सगळं त्यातून काढायला लागले, सपाट रंगाच्या चित्राला ते चालतं, पेन्सिल किंवा जलरंग असेल तर कागदाचा पोत आणि रेघेची थरथर दोन्ही पुसून प्लास्टिक होतं. सोनेरी-चंदेरी फॉइल स्कॅनरवर तपकिरी किंवा काळी येते आणि फ्लुरोसंट गुलाबी साधा गुलाबी होतो, त्यावर उपाय नाही. अशा कव्हरचा कॅमेऱ्याने बाजूने उजेड देऊन वेगळा फोटो काढा.

दोन पानांवरचं चित्र जोडायचं तर दोन्ही पानं स्कॅनरवर एकाच दिशेने ठेवा, उलटसुलट ठेवली की एकीकडे उजेड वेगळा पडतो. जोडायला फोटोशॉप किंवा फुकटचं ह्यूगिन. पोस्टर काचेपेक्षा मोठं असेल तर तुकड्यातुकड्यात, दर तुकडा शेजारच्यावर दोन-तीन सेंटिमीटर चढता.

७. फाइली

नाव चित्रकार, पुस्तक, साल, पान या क्रमाने, पानाचा आकडा तीन अंकी, ००१ पासून. पुस्तकावर छापलेला पान नंबरच वापरा, स्कॅनरने दिलेला नाही. कोरी पानंही मोजा, एक कोरं पान गाळलं की पुढची सगळी जोडपानं व्ह्यूअरमध्ये चुकीच्या जोडीने उघडतात. आडव्या मजकुराची आर्टबुकं डावीकडून उघडतात आणि उभ्या मजकुराची उजवीकडून, व्ह्यूअरची दिशा त्याप्रमाणे लावा. कव्हर, जॅकेटच्या आतल्या घड्या, ओबी, ओकुझुके हेही स्कॅन करा, पुढे आवृत्ती ओळखायला चित्रांपेक्षा तीच पानं लागतात.

एक कॉपी कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि ती हार्ड डिस्क पुस्तकांच्या कपाटात ठेवू नका, वरच्या फ्लॅटचा पाइप फुटला तर दोन्ही एकदम जातील. तिसरी कॉपी बहिणीकडे नाहीतर गावच्या घरी, आणि वर्षातून एकदा ती डिस्क लावून दोन-चार फाइली उघडतायत ना ते बघायचं.